कळफलकाची कळ, बोटांची कळ

रात्री दोन-अडीचच्या सुमारास मला जाग येऊ लागली, ती उजव्या हातामुळे. अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर झालेली असत. ती आपली नव्हेतच असे वाटे. हात झटकला, खाटेवरून खाली सोडला की मुंग्या येत आणि हळूहळू जीव परत येई. सकाळी चहाचा कप उचलताना मात्र निराळेच दुखणे. मनगटाच्या बाहेरच्या अंगाने करंगळीपर्यंत एक सणक जाई.

मी तालुक्याच्या कोर्टासमोर टंकलेखनाचे दुकान चालवते. प्रतिज्ञापत्रे, खरेदीखतांचे मसुदे, अर्ज, नोटिसा हे माझे काम. अठ्ठावीस वर्षे झाली. सुरुवात खडखडणाऱ्या मराठी टाइपरायटरवर झाली, आता संगणक आहे. दहा बोटांवर घर चालते, मुलीचे शिक्षण त्यावरच झाले. त्यांतली तीन-चार बोटे रुसून बसली तर काय करायचे, ही चिंता झोपेत मुंग्यांपेक्षा जास्त टोचत असे.

वाचकहो, या दुखण्यातून मी काय शिकले आणि कळफलकाची (म्हणजे कीबोर्डची) मांडणी माझ्या हातांप्रमाणे कशी बदलून घेतली, ते आज सांगते. बँकेत, शाळेत, पंचायतीत, सेतू केंद्रात दिवसभर बटणे बडवणारे आपल्याकडे आता पुष्कळ आहेत. त्यांना याचा उपयोग व्हावा.

दोन दुखणी, एक हात

शेजारणीने तेल चोळायला सांगितले, कोणी म्हणाले नस चढली आहे. तीन आठवडे मी तेच केले आणि वेळ घालवला. शेवटी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, करंगळीला बधिरपणा येतो का?" मी म्हटले, "नाही. ती दुखते, पण बधिर होत नाही."

हे उत्तर महत्त्वाचे होते. मनगटाच्या तळहाताकडील बाजूला हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. बोटे मिटवणाऱ्या ९ दोऱ्या (वैद्यकीय भाषेत कंडरा) आणि एक मज्जातंतू एवढे सारे त्यातून जाते. आत सूज आली की मज्जातंतू दबतो. मग अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते. करंगळीचा मज्जातंतू वेगळ्या वाटेने जातो, म्हणून ती सुटते. या आजाराला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात.

डॉक्टरांनी दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मनगटे मिनिटभर वाकवून ठेवायला लावली. मिनिट भरायच्या आत मुंग्या आल्या. मधुमेहात आणि थायरॉइडचे काम मंदावल्यावरही हा त्रास होतो, म्हणून त्यांनी रक्त तपासले. ते ठीक निघाले. जिल्ह्याच्या ठिकाणी मज्जातंतूची तपासणी झाली. आजार सौम्य होता. मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांधून सहा आठवडे झोपायचे, असे ठरले.

मी विचारले, "हे टायपिंगमुळेच ना?" डॉक्टर म्हणाले, "छातीठोकपणे सांगता येणार नाही. कळफलकामुळे हा मज्जातंतू दबतो की नाही, यावर संशोधकांचे एकमत नाही. पण करंगळीकडची सणक निराळी आहे. तुम्ही टाइप कशा करता ते या टेबलावर दाखवा बरे." मी हात टेबलावर ठेवले. त्यांनी माझ्या मनगटाकडे बोट दाखवले, "पाहा, हात कुठे वाकला आहे."

सरळ कळफलक, वाकडे मनगट

आपणही करून पाहा. दोन्ही कोपरे अंगालगत ठेवून हात समोर सरळ सोडा. हात खांद्याच्या रुंदीइतके लांब राहतात आणि मनगट सरळ असते. आता दोन्ही हातांची बोटे पोटासमोर जवळ आणून एका आडव्या रेषेत ठेवा. हात तिरके येतात. मग बोटे सरळ करण्यासाठी मनगट करंगळीच्या बाजूला वाकवावे लागते. सरळ कळफलकावर आपण दिवसभर असेच बसतो. शिवाय तळहात पूर्ण पालथे ठेवायचे. म्हणजे मनगटाला एक नव्हे, दोन पीळ.

यावर उपाय सुचवणारे लोक जुने आहेत. जर्मनीत क्लॉकेनबर्ग यांनी १९२६ साली टाइपरायटरच्या कळा दोन हातांसाठी दोन भागांत विभागाव्या, असे मांडले होते. १९७२ साली क्रोमर यांनी तशाच दुभागी कळफलकावर संशोधन प्रसिद्ध केले. १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने मधून फाकलेला कळफलक बाजारात आणला. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हात दुखणाऱ्या ८० संगणक-कर्मचाऱ्यांना चार गटांत सहा महिने निरनिराळे कळफलक दिले होते. अशा फाकलेल्या, मधे उंचवटा असलेल्या कळफलकाच्या गटाला साध्या कळफलकाच्या गटापेक्षा जास्त आराम पडला. बाकीच्या दोन नमुन्यांबाबत तसे ठामपणे म्हणता आले नाही. तेव्हा हे रामबाण औषध नव्हे, हे आधीच सांगून ठेवते.

पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने माझ्यासाठी असा कळफलक आणला. साध्या दुकानात तो सहसा मिळत नाही आणि स्वस्तही नाही. त्याचे दोन वेगळे तुकडे आहेत, मध्ये फक्त एक वायर. प्रत्येक तुकड्यावर अंगठ्याखाली तीन-तीन कळा. तुकडे खांद्याएवढे लांब ठेवता येतात आणि अंगठ्याकडची बाजू उंच करता येते, म्हणजे तळहात अर्धवट उभे राहतात. शिवाय कोणत्या कळेने काय उमटावे, हे कळफलकाच्या आतल्या चिपमध्येच बदलता येते. त्यासाठी क्यूएमकेसारखे मोफत प्रोग्रॅम आहेत. भाचा म्हणाला, "मावशी, यातली कुठलीही कळ तू हवी तिथे नेऊ शकतेस."

ते ऐकून मला आनंद झाला खरा, पण कुठली कळ न्यायची, हे कळायला महिना गेला.

"च्या"चा भार दोन बोटांवर

मी वापरते ती मांडणी इनस्क्रिप्ट. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ती प्रमाण ठरवली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, अशी तिची वाटणी आहे. हिंदी, गुजराती, कानडी सगळ्यांना क-च-ट एकाच जागी सापडतात, हा तिचा मोठा गुण. टाइपरायटरची जुनी मांडणी सोडून मी ती शिकले, कारण सरकारी कामांत युनिकोड मागू लागले. म्हणजे मांडणी बदलण्याचा धडा मी एकदा गिरवलेला होता.

पण चांगल्या मांडणीतही काही बोटांवर ओझे पडतेच. डाव्या हाताच्या मधल्या बोटाकडे पाहा. काना त्याच्याकडे, हलंत (अक्षराचा पाय मोडायचे चिन्ह) त्याच्याकडे आणि म सुद्धा त्याच्याचकडे. "महाराष्ट्र" हा शब्द हलंत देऊन लिहिला तर शिफ्ट सोडून १० वेळा कळ दाबावी लागते. त्यांतल्या ५ वेळा हे एकटे बोट काम करते! डाव्या हाताची बाकीची बोटे तेवढा वेळ बसून असतात; फक्त ष साठी करंगळी शिफ्ट दाबते.

आता "च्या" घ्या. घराच्या, शेताच्या, मयताच्या, वारसांच्या. आमच्या धंद्यात "च्या" आला नाही असे वाक्य दुर्मीळ. च उजव्या करंगळीला, हलंत डाव्या मधल्या बोटाला, य पुन्हा उजव्या करंगळीला आणि काना पुन्हा डाव्या मधल्या बोटाला. चार ठोके, पण बोटे दोनच. त्यात ट, ड, ज हेही उजव्या करंगळीचे, एंटर आणि चूक खोडायची बॅकस्पेसही तिचीच. हातातले सर्वांत दुबळे बोट आणि त्याच्यावर सर्वांत जास्त पाहुणे.

हे मला पुस्तकातून नव्हे, वहीतून कळले. भाच्याच्या सांगण्यावरून आठवडाभर मी दर तासाला दोन मिनिटे थांबले आणि कोणते बोट दुखते, कोणती कळ लांब वाटते, एवढेच लिहिले. वहीत उजवी करंगळी आणि डावे मधले बोट यांच्याच नावावर खुणा पडत गेल्या.

एका रात्रीत सगळे बदलले

मात्र ही वही मी दुसऱ्या खेपेला केली. पहिल्या खेपेला घाई केली, तीही सांगते.

भाचा आला त्या रविवारी आम्ही उत्साहाच्या भरात अक्षरे, चिन्हे, अंक सगळेच हलवले. अंक वरच्या ओळीतून काढून एक कळ दाबून धरल्यावर उमटतील असे खाली आणले. बोटांना लांब जायला नको, हा हेतू. सोमवारी सकाळी दुकानात गर्दी. एका खरेदीखताचा मसुदा मी नव्या कळफलकावर केला आणि गट क्रमांकातला एक आकडा चुकला. सही होण्यापूर्वी पक्षकाराच्या मुलाने कागद वाचला म्हणून निभावले. एका आकड्याने माणसाची जमीन शेजाऱ्याच्या नावावर लिहिली गेली असती.

त्या दिवशी माझे खांदे कानापर्यंत चढलेले होते. प्रत्येक अक्षर शोधत होते, चुका खोडत होते, कळा जोरात दाबत होते. दुखणे कमी व्हायचे राहिले बाजूला, रात्री ते मानेपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी नवा कळफलक मी कपाटात ठेवला आणि जुना काढला.

डॉक्टरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "पाय मोडलेल्या माणसाला आपण पहिल्या दिवशी डोंगर चढायला लावतो का?"

एका वेळी एकच कळ

त्यानंतर मी तीन नियम केले. धंद्याचे काम जुन्या कळफलकावर. नव्याचा सराव सकाळी दुकान उघडण्यापूर्वी फक्त पंधरा मिनिटे. अंक हलवायचे नाहीत, ते वरच्या ओळीतच राहतील. आणि एक बदल अंगवळणी पडल्याशिवाय दुसरा करायचा नाही. त्याला मला दोन-दोन आठवडे लागले.

पहिला बदल शिफ्टचा. करंगळीने दाबून धरायची शिफ्ट डाव्या अंगठ्याखाली आणली. शिवाय ती धरून ठेवावी लागणार नाही अशी योजना केली. एकदा दाबून सोडली की पुढचे एक अक्षर शिफ्टचे उमटते. ख, थ, ध, भ, श, ळ, ण या सगळ्यांना शिफ्ट लागते. त्यामुळे करंगळीला पहिल्याच आठवड्यात सुटल्यासारखे वाटले.

दुसरा बदल हलंताचा. तो उजव्या अंगठ्याखाली, स्पेसच्या शेजारी आणला. त्याच्या मोकळ्या झालेल्या जागी, म्हणजे बोट जिथे मुळातच टेकलेले असते तिथे, काना बसवला. काना वरच्या ओळीत होता, तो घरी आला. त्याच्या जुन्या जागी ऋकार ठेवला, जो पूर्वी उजवीकडे दूर कोपऱ्यात होता. यात एक गंमत झाली. अ हे अक्षर हलंताच्याच कळेवर शिफ्टने उमटते; आता डावा अंगठा, मग उजवा अंगठा, की अ तयार. म्हणूनच दोन्ही एका अंगठ्याला देऊ नयेत.

तिसरा बदल अगदी लहान. य आणि स्वल्पविराम यांची अदलाबदल. य उजव्या मधल्या बोटाखाली आला, स्वल्पविराम करंगळीकडे गेला. स्वल्पविरामाच्या कळेवरचा ष ही त्याच्याबरोबर गेला, पण तो कितीसा लागतो! आता "च्या" लिहिताना करंगळी, अंगठा, उजवे मधले बोट आणि डावे मधले बोट अशी चार बोटे एकेकदा हलतात. ओझे तेवढेच, पण ते चौघांत वाटले गेले.

हे सारे मराठीपुरते. एका कळेने इंग्रजीची मांडणी परत येते आणि तिथे मी काहीच बदलले नाही. इंग्रजीसाठी १९३६ साली पेटंट घेतलेली ड्वोरॅकची आणि २००६ मधली कोलमॅक अशा पर्यायी मांडण्या आहेत. माझे इंग्रजी काम दिवसाला पान-दोन पान. त्यासाठी नवे शिकणे म्हणजे बोटांना उगाच शिक्षा.

आगीतून फुफाट्यात

सगळे सुरळीत चालले असताना डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले. किल्ली फिरवताना, पदर खोचताना कळ येई. डॉक्टरांनी अंगठा मुठीत धरायला सांगून मूठ करंगळीच्या बाजूला वाकवली. मी ओरडलेच. अंगठा हलवणाऱ्या दोऱ्यांच्या आवरणाला सूज येते, त्याची ही सुरुवात होती. लहान बाळांना सतत उचलणाऱ्या आयांनाही हे दुखणे होते. त्याला डी क्वेरव्हेनचा विकार म्हणतात.

कारण सापडायला वेळ लागला नाही. बॅकस्पेस मी डाव्या अंगठ्याच्या सर्वांत आतल्या कळेवर ठेवली होती. ती मारताना अंगठा दरवेळी तळहाताखाली ओढावा लागे. अंगठा बळकट बोट खरे, पण त्यालाही जवळच्या एक-दोन कळाच द्याव्यात. बॅकस्पेस तर्जनीशेजारच्या मोकळ्या कळेवर नेली, दोन आठवडे सराव बंद ठेवला, तेव्हा उतार पडला. करंगळीला वाचवताना मी अंगठ्याचा बळी देणार होते.

काय साधले, काय नाही

सुरुवातीला माझा वेग निम्म्याहून खाली गेला. पूर्वीच्या वेगाजवळ यायला तीन महिने लागले आणि त्यानंतरच मी नवा कळफलक दुकानात नेला. आज करंगळीकडची सणक जवळजवळ गेली आहे. रात्रीच्या मुंग्या क्वचित येतात. मुंग्यांचे श्रेय मी रात्रीच्या पट्ट्याला आणि विश्रांतीला देते. कळफलकाचा वाटा किती, ते डॉक्टरही सांगत नाहीत. मार्च अखेरीला सलग आठ तास बसले तर हात अजून कुरकुरतोच. मांडणी कितीही सोयीची असो, न थांबता केलेले काम ती पचवून देत नाही.

पुष्कळ जण विचारतात, "ताई, मग दुसऱ्याच्या संगणकावर तुमचे कसे चालते?" चालते. सासरची आणि माहेरची रीत वेगळी असली तरी बाई दोन्ही घरी स्वयंपाक करतेच की! रोज पाच मिनिटे मी जुन्या कळफलकावर लिहिते, म्हणून ती सवय मोडलेली नाही.

वाचकांनी लक्षात ठेवावे असे

महागडा कळफलक घेतलाच पाहिजे असे मुळीच नाही. आधी बिनखर्चाचे उपाय करून पाहा.

१. कळफलकाच्या मागचे दोन पाय मिटून ठेवा. ते उघडले की मनगट मागे वाकते.

२. कोपर काटकोनात राहील इतकी खुर्ची उंच करा. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट घ्या. माऊस कळफलकाला अगदी लागून ठेवा.

३. विंडोजमध्ये स्टिकी कीज नावाची सोय आहे. ती सुरू केली की शिफ्ट दाबून धरावी लागत नाही. माझा पहिला बदल तुम्हाला साध्या कळफलकावर असा फुकट करता येईल.

४. कळा हळू दाबा. टाइपरायटरवर शिकलेल्यांनी तर हे मुद्दाम शिकावे.

५. अर्ध्या-पाऊण तासाने दोन मिनिटे उठा, हात खाली सोडा, खांदे फिरवा.

६. मांडणी बदलायचीच असेल तर आधी आठवडाभर वही ठेवा. एका वेळी एकच बदल, आणि कामाच्या कागदावर प्रयोग नको.

मात्र बधिरपणा कायम राहू लागला, हातातून भांडे निसटू लागले, अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग सपाट दिसू लागला किंवा दुखणे मानेतून हातात उतरू लागले, तर कळफलक बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जावे. दबलेला मज्जातंतू फार दिवस तसाच राहिला तर गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असे नाही. मनाने वेदनाशामक गोळ्या घेत काम रेटू नये. मालिशवाल्याकडून नस उतरवून घेऊ नये. मी तीन आठवडे हेच केले होते.

टायपिंगच्या वर्गात आम्हाला बोटे कळांवर कशी ठेवायची ते शिकवले. हाताला त्रास होत असेल तर कळही हलवता येते, हे कोणी सांगितले नव्हते. आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी तेच सांगते, आणि वेग मोजण्यापूर्वी त्यांची मनगटे पाहते.